फरक

कागदावर आमचं आष्टा शहर आहे, कारण इथं नगरपालिका आहे. पण सकाळी सहा वाजता सांगली-इस्लामपूर रस्त्याला येऊन उभं राहिलात, तर तुम्हाला दुधाच्या किटल्या, वैरणीचे भारे आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्याच दिसतील. अशा या गावात आमच्या घरात दोन कमावते झाले. एक मी, शेतातला. दुसरा माझा धाकटा भाऊ बापू, शाळेतला. मला पैसे दिसायचे ते ऊस गेल्यावर आणि हळद विकल्यावर. त्याला महिन्याच्या महिन्याला. एवढ्या एका गोष्टीवरून आमच्या घरात किती बोलणी झाली, ते आमच्या भिंतींना माहीत.

'फरक' हा शब्द मी बापूकडनं शिकलो. शाळेत आम्हाला फरक म्हणजे वजाबाकीचं उत्तर. नोकरदारांचा फरक वेगळा. जो पगार आधीच मिळायला पाहिजे होता आणि मिळाला नाही, तो मागनं एकदम हातात येतो, त्याला ते फरक म्हणतात. फरकाचं बिल. बापूनं एका फरकाची वाट तेरा वर्षं बघितली. त्यातली काही वर्षं माझ्यामुळं गेली. तेच सांगायला बसलोय.

मी १९७७ साली दहावी झालो. मार्क वाईट नव्हते. पण त्याच उन्हाळ्यात आबा विहिरीच्या धावेवरनं पडले आणि पाय कायमचा अधू झाला. जमीन तीन एकर, बैलजोडी दावणीला. आबा म्हणाले, "दोघांतला एकच शिकंल. थोरल्यानं औत धरायचं." मी धरलं. मला विचारलं नाही आणि मी बोललो नाही. त्या काळी असंच असायचं.

त्याच साली १४ डिसेंबरला राज्यातले सरकारी नोकर आणि शिक्षक संपावर गेले. केंद्राच्या नोकरांइतका महागाई भत्ता आम्हालाही द्या, ही मागणी. मुख्यमंत्री होते वसंतदादा पाटील, आमच्याच जिल्ह्यातले, पद्माळ्याचे. संप ५४ दिवस चालला. बापू तेव्हा सातवीत. शाळा बंद म्हणून तो माझ्यामागं शेतात यायचा. एका संध्याकाळी त्याचे गुरुजी आमच्या सोप्यात येऊन बसले. काही मागितलं नाही, नुसते बसले. पगार थांबलेला, घरात चार पोरं. आबांनी आईला हाक मारली आणि दोन पायल्या जोंधळा पोत्यात घालून दिला. गुरुजी गेल्यावर आबा म्हणाले, "मास्तराच्या पोटाला कमी पडलं की पोरांच्या डोक्याला कमी पडतं." आबा स्वतः अंगठा उठवणारे. पण मास्तराच्या पगाराबद्दल यापेक्षा शहाणं बोलणं मी पुढं कुणाच्या भाषणात ऐकलं नाही.

त्या गुरुजींचं शिक्षण सातवीपर्यंतचं. पूर्वी सातवीची परीक्षा व्हर्नाक्युलर फायनल म्हणून असायची. ती पास झाला की पोरगा मास्तर व्हायला लायक. मग ट्रेनिंग. ट्रेनिंग न झालेल्याला पगार कमी, झालेल्याला जास्त. इथून जवळच ऐतवडे बुद्रुक आहे, कर्मवीर भाऊराव पाटलांचं गाव. अण्णांनी १९१९ साली काल्याला रयत शिक्षण संस्था काढली. पण नुसत्या शाळा काढून भागत नाही, शिकवणारा तयार करावा लागतो, हे ओळखून त्यांनी १९३५ साली साताऱ्यात मास्तरांसाठी ट्रेनिंग कॉलेजही उभं केलं. तेव्हा मास्तरानं शिकावं आणि शिकलेल्या मास्तराचं मोल वाढावं, ही काही आजकालची मागणी नाही. आमच्या भागात ती जुनीच आहे.

बापू डी.एड. झाला आणि १९८७ साली प्राथमिक शिक्षक म्हणून लागला. नेमणूक मिळाली ती पार दुसऱ्या जिल्ह्यात, कोरडवाहू मुलखात. तेव्हा प्राथमिक शिक्षकाची श्रेणी १२००-२०४० आणि बी.एड. झालेल्या पदवीधराची १४००-२६००. हे आकडे मला अजून तोंडपाठ आहेत, कारण सुट्टीला आला की तो दुसरं काही बोलायचाच नाही. त्याच सुमाराला मला 'चट्टोपाध्याय' कळले. मला वाटायचं हा कुणी मोठा साहेब असेल. शिक्षक एकमेकाला विचारायचे, "तुला चट्टोपाध्याय लागली का?" मग बापूनं उलगडून सांगितलं. १९८३ साली केंद्र सरकारनं शिक्षकांसाठी एक राष्ट्रीय आयोग नेमला, त्याचे अध्यक्ष डी. पी. चट्टोपाध्याय. त्यांचं म्हणणं असं की, मास्तर वर्गावर लागतो आणि वर्गावरच निवृत्त होतो. त्याला बढतीच्या जागा नाहीत. मग चांगल्या मास्तरानं वर्ग न सोडता वर कसं जायचं? त्यासाठी बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी आणि चोवीस वर्षांनी निवडश्रेणी. महाराष्ट्रात ती १ जानेवारी १९८६ पासून लागू धरली. पण निवडश्रेणीला दोन काट्या घातल्या. एक म्हणजे, मास्तरानं दरम्यान आपलं शिक्षण वाढवलेलं पाहिजे. प्राथमिकच्या मास्तरानं पदवी घेतलेली पाहिजे. आणि दुसरी म्हणजे, वरिष्ठ श्रेणीतल्या शंभरातल्या वीसांनाच ती मिळायची.

बापूनं मनावर घेतलं. नाशिकला १९८९ साली यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालं होतं. नोकरी करत शिकायची सोय झाली. १९९१ ला त्यानं बी.ए.ला नाव घातलं. आधी कचेरीकडं अर्ज केला, कारण नोकरीत असताना पुढं शिकायचं तर पूर्वपरवानगी लागते. परवानगीचं पत्र आलं. आठवडाभर शाळा, रविवारी अभ्यासकेंद्र. एसटीनं दोन तास जायचं, दोन तास यायचं. सुट्टीत आष्ट्याला आला की माळ्यावर कंदील घेऊन बसायचा, कारण वीज कधी जाईल नेम नाही. त्याचे कागद, पुस्तकं, पावत्या सगळं आमच्याकडंच पडलेलं असायचं. १९९५ ला तो बी.ए. झाला. आईनं गल्लीत पेढे वाटले.

मग बी.एड. काढलं. ते १९९८ ला. त्या वर्षी त्याच्या घरात दुखणं निघालं होतं, पगार औषधात जायचा. फी भरायला पैसा नव्हता. त्यानं मला मागितला नाही. पण मला कळलं आणि मी आमची म्हस विकली. दुसऱ्या वेताची, दोन्ही वेळचं बारा लिटर दूध देणारी. अकरा हजार पाचशेला गेली. आमच्या मंडळींनी तीन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. चौथ्या दिवशी बोलली ती एवढंच, "पगार त्यांचा, डिग्री त्यांची, आन् म्हस आमची का?" मला उत्तर देता आलं नाही. बापूनं तिला सांगितलं, "वहिनी, फरक मिळाला की पहिली म्हस दारात बांधतो." तिनं ऐकून घेतलं.

आता कट्ट्यावर बसणारी आमची माणसं काय म्हणतात ते मला माहीत आहे. मीही त्यांच्यातलाच. म्हणतात, मास्तर डिग्र्या घेतात त्या पगारासाठी, वर्गातली पोरं आहेत तिथंच राहतात. यात थोडं खरं आहे. गाईड वाचून पास होणारे, दुसऱ्याच्या वहीवरनं स्वाध्याय उतरवून काढणारे आहेत. आणि आमचे सातवी पास गुरुजी असे होते की त्यांच्या हाताखालचं पोर आयुष्यात पाढा विसरलं नाही. डिग्रीनं माणूस आपोआप चांगला मास्तर होतो असं मी म्हणणार नाही.

पण मी बापूची शाळा बघितली आहे. बी.एड. झाल्यानंतरच्या दिवाळीपूर्वी मी चार दिवस त्याच्याकडं गेलो होतो. त्या गावातली निम्मी घरं ऊसतोडीला जाणारी. दिवाळी झाली की आईबाप मुकादमाची उचल फेडायला निघायचे, पोरंही बरोबर. पाच-सहा महिन्यांनी परत येतील तेव्हा अक्षरं पुसून गेलेली. आधी बापू वैतागून म्हणायचा, "पाटी कोरी घेऊन येतात." त्या खेपेला त्याचं वेगळंच चाललं होतं. प्रत्येक पोराच्या नावाचं पान वहीत केलेलं. कोण कुठं अडतंय, कोणाला काना कळतो पण वेलांटी कळत नाही, सगळं टिपलेलं. मला म्हणाला, "दादा, तुझ्या फडात तोडवाले येतात. ते जे शब्द बोलतात ते सांग." मी सांगत गेलो. कोयता, मोळी, वाढं, खोप, बुडखा, पाचट. त्यानं जाड कागदाच्या चिठ्ठ्या केल्या. दुसऱ्या दिवशी एक पोरगी, जी बाकी पुस्तक बघून गप्प बसायची, तिनं 'मोळी' शब्द वाचला आणि खुदकन हसली. तिला वाटलं असेल, आपल्या घरचा शब्द कागदावर कसा काय आला. सुट्टीला जाताना त्यानं प्रत्येक पोराला अशा वीस-वीस चिठ्ठ्या दोऱ्यात ओवून दिल्या. फडात वाचायला.

मी विचारलं, "हे तुला आधी का सुचलं नाही?" तो म्हणाला, "पोराला येत न्हाई म्हणजे त्याचं डोकं न्हाई, असं मला वाटायचं. पोर कुठं अडलंय ते शोधायचं असतं, हे मी तिथं शिकलो." तेव्हा मला वाटलं, आपली म्हस वाया गेली नाही.

२०११ ला बापूची चोवीस वर्षं भरली. वरिष्ठ श्रेणी त्याला बाराव्या वर्षी मिळाली होती. त्यात अडचण आली नव्हती. आता निवडश्रेणी. वीस टक्क्यांच्या यादीत ज्येष्ठतेनं त्याचा नंबर लागत होता. पण कचेरीतनं सांगितलं, बी.ए.ची नोंद सेवापुस्तकात नाही. का नाही? तर पूर्वपरवानगीचं पत्र फायलीत दिसत नाही. परवानगीशिवाय घेतलेली पदवी धरता येत नाही. बापू म्हणाला, पत्र तुम्हीच दिलंय, तुमच्याकडं स्थळप्रत असणार. ते म्हणाले, कपाटं बदलली, सापडत नाही, तुमची प्रत आणा.

मी एकदा त्याच्याबरोबर त्या कचेरीत गेलो होतो. सेवेची चोवीस वर्षं झालेला, शेकडो पोरांना वाचायला शिकवलेला माझा भाऊ टेबलापुढं उभा. त्याच्या मागं अजून सहा-सात शिक्षक, सगळ्यांच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या. टेबलावरचा बाबा वर न बघता बोलत होता. तो उद्धट होता असं नाही. त्याच्यापुढंही ढीग होता. पण त्याच्या बोलण्यात एक सूर होता, की हे सगळे काहीतरी जादा मागायला आलेत. मी बाहेर आल्यावर बापूला म्हटलं, "तू उपकार मागतोयस असं का उभा राहिलास?" तो काही बोलला नाही.

मी शेतकरी आहे, मला माझ्या हिशेबानंच कळतं. उसाचा दर साखर उताऱ्यावर ठरतो. आता सव्वादहा टक्के उताऱ्याला एक दर, आणि त्यावर दर दशांश टक्क्याला वाढीव पैसे. उतारा वाढला म्हणून जे जादा मिळतं त्याला कुणी बक्षीस म्हणत नाही. ते उसाचं मोल. आणि ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे नाही दिले तर पंधरा टक्क्यांनी व्याज द्यायचं, असं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलंय. मिळतं का वेळेवर, ते सोडा. त्यासाठी आम्हाला रस्त्यावर यावं लागतं. पण निदान लिहिलेलं तरी आहे. मास्तरानं आपला उतारा वाढवला तर त्याला चौदा दिवस नाहीत आणि व्याजही नाही. आणि वर वीस टक्क्यांची काटी. उद्या कारखान्यानं सांगितलं की उतारा सगळ्यांचा वाढलाय, पण वाढीव दर शंभरातल्या वीसांनाच, तर आम्ही काटा बंद पाडू.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानंतर सहावी ते आठवीला पदवीधर शिक्षक पाहिजे असं ठरलं. बापूसारखे किती तरी त्या वर्गांवर गेले. काम सगळ्यांना पदवीधराचं, पण पदवीधराची श्रेणी त्यातल्या साधारण तिसऱ्या हिश्श्याला. शेजारच्या वर्गात तेच पुस्तक शिकवणाऱ्याला वेगळा पगार. आणि नव्या पोरांचं तर बोलायलाच नको. २००० साली शिक्षणसेवक योजना आली, तेव्हा प्राथमिकच्या पोरांना महिना ३,००० रुपये मानधन, तीन वर्षं. पुढं ते ६,००० झालं आणि २०२३ ला १६,०००. मधल्या काळात आमच्या शेतावर भांगलायला येणाऱ्या बायकांचा रोज त्या शिक्षणसेवकाच्या रोजाच्या पुढं गेला होता. त्या बायकांना जास्त मिळालं याचं मला वाईट वाटत नाही. पण दोन-दोन डिग्र्यांची पोरं तोंड लपवून फिरताना मी बघितली आहेत.

आता जे सांगायला जड जातंय ते सांगतो.

२०१२ च्या उन्हाळ्यात बापूचा फोन आला. "दादा, १९९१ चं परवानगीचं पत्र तुमच्याकडं राहिलंय का बघ की. माळ्यावर नाहीतर ट्रंकेत." मी बघतो म्हणालो. त्या दिवसांत आमचा बोअर आटला होता, हळदीचा दर पडला होता, आणि बापूनं तिकडं नवी गाडी घेतली होती. म्हशीचं नाव कुणी काढत नव्हतं. मी माळ्यावर चढलो, दोन पिशव्या हलवल्या आणि खाली आलो. ट्रंक उघडलीच नाही. फोन केला, "न्हाई बाबा, काय दिसंना." त्यानं परत विचारलं नाही. माझ्यावर त्याचा विश्वास होता.

२०२१ साली कर्जाच्या कामाला कारखान्याची जुनी बिलं पाहिजे होती म्हणून मी ती पत्र्याची ट्रंक उघडली. १९९० ते ९५ ची बिलं एका दोऱ्यात बांधलेली. त्यातच मधी, घडी घातलेलं, जांभळ्या शिक्क्याचं ते पत्र. मी कितीतरी वेळ ते हातात घेऊन बसलो. मी नीट शोधलंच नव्हतं. शोधायचं मनातच नव्हतं.

बापूला फोन करून सांगितलं, पत्र सापडलं. बाकी काही सांगितलं नाही. त्यानं दुसऱ्या दिवशी येऊन ते नेलं. त्यानंतरही कचेरीत ते हलायला तीन वर्षं गेली. तोवर तो ३१ मे २०२३ ला निवृत्त झाला. आमच्या पिढीतल्या निम्म्या माणसांसारखा त्याचाही वाढदिवस १ जून. शाळेत घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकलेली. २०२४ ला निवडश्रेणी मंजूर झाली, ती मागच्या तारखेपासून. पेन्शन सुधारली आणि फरकाचं बिल निघालं. किती निघालं ते सांगत नाही, तो त्याचा पैसा. व्याज नव्हतं एवढं सांगतो.

निवृत्तीनंतर बापूनं आष्ट्यातच आमच्या वाटणीच्या जागेत दोन खोल्या बांधल्यात. पैसे जमा झाले त्या संध्याकाळी तो आला. मंडळींच्या पुढं पाकीट ठेवलं. म्हणाला, "वहिनी, म्हस." आत आजच्या भावाच्या म्हशीचे पैसे होते. लाखाच्या वर. हिनं पदर डोळ्याला लावला आणि पाकीट माझ्याकडं सरकवलं. मला ते घेववेना. मग मी सगळं सांगितलं. ट्रंक उघडली नव्हती ते सांगितलं.

बापू बराच वेळ गप्प बसला. हिनंही मान वर केली नाही. बाहेर लाईट गेली, परत आली. मग तो म्हणाला, "तुझी प्रत नऊ वर्षं ट्रंकेत होती. त्यांची स्थळप्रतही कुठल्यातरी कपाटात असणारच की. त्यांनी शोधली न्हाई, तूही शोधली न्हाई. पण त्यांना मी कोण? तू तर भाऊ होतास."

मी म्हटलं, "पैसे घेऊन जा."

"न्हाई," तो म्हणाला. "मी एवढी वर्षं त्यांना काय सांगितलं? की हक्काचं देताना माणूस कसा हाय ते बघायचं नसतं. द्यायचं असतं ते देऊन टाकायचं. म्हशीचा हिशेब वेगळा, कागदाचा वेगळा. म्हशीचं मी देणं लागत होतो, ते दिलं. कागदाचं तू लागतोस."

मी पैसे घेतले. श्रावणात म्हस आणली, पहिल्या वेताची. मंडळींनी तिला ओवाळलं. रोज सकाळी धार काढली की लिटरभर दुधाचं भांडं घेऊन मी स्वतः बापूच्या दारात जातो. पोरांना पाठवत नाही. तो पैसे विचारत नाही, मी सांगत नाही. कधी तो चहा पाजतो, कधी भांडं रिकामं करून नुसतं हातात देतो. दीड वर्ष झालं. माझ्याकडचा फरक अजून फिटलेला नाही.